तोंडापासून माइकपर्यंतचे अंतर

लालबाग-परळच्या चाळींमध्ये राहणाऱ्या जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणी तुम्ही आणि तुमचे दोन सहकारी चित्रित करीत आहात. कॅमेरा चांगला मिररलेस आहे, त्याच्या डोक्यावर बसणारा छोटा शॉटगन माइकही तुम्ही विकत घेतला आहे, आणि तरीही चार मुलाखतींनंतर आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा वाटतो. मागे पंखा, रस्ता आणि एक सततची सरसर ऐकू येते. आता याहून महागडा माइक घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की घेऊ नये, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या माइकमध्ये दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. तो नको त्या जागी बसवलेला आहे, आणि त्याच जागी दसपट किमतीचा माइक बसवला तरी ऐकू येणारा फरक थोडाच असेल.

कॅमेऱ्याच्या आतला माइक वाईट का असतो, हे तुम्हाला अनुभवाने कळले आहेच. तो लेन्सच्या फोकस मोटरच्या शेजारी असतो, कॅमेऱ्याला हात लागला की ते त्याला ऐकू येते, आणि तो चहूबाजूंचा आवाज सारखाच घेतो. वरून बसवलेला माइक यातले काही त्रास कमी करतो. परंतु बोलणाऱ्या माणसापासून दोघेही तितकेच लांब असतात, आणि ध्वनीच्या बाबतीत हेच अंतर बाकी सगळ्यावर मात करते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) उतरते. चेहरा चौकटीत नीट बसावा म्हणून तुम्ही कॅमेरा समजा दोन मीटरवर ठेवलात आणि माइक मात्र तोंडापासून पंचवीस सेंटिमीटरवर आणलात, तर अंतर तीन वेळा निम्मे झाले, म्हणजे बोलणे अठरा डेसिबलने वाढले. ध्वनीच्या दाबात मोजले तर ही वाढ आठपट आहे. पंखा आणि रस्ता मात्र होते तिथेच राहिले. बोलणे आणि कोलाहल यांच्या प्रमाणात एवढा फरक पाडून देणारे दुसरे कोणतेही उपकरण बाजारात मिळत नाही, आणि या बदलासाठी काही हजार रुपये तर सोडाच, कधीकधी केवळ एक लांब वायर पुरते.

पोकळपणाचे कारणही अंतरातच आहे, फक्त ते थोडे वेगळ्या वाटेने येते. चाळीतली दहा बाय बारा फुटांची खोली, लादीची जमीन, रंगवलेल्या भिंती, काचेची कपाटे, स्टीलच्या भांड्यांची मांडणी: यातली एकही गोष्ट आवाज शोषून घेत नाही. माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज एकदा थेट माइककडे जातो आणि मग भिंतींवरून आपटत पुन्हा पुन्हा जातो. थेट आवाज अंतराबरोबर कमी होतो; आपटून आलेला आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. म्हणून प्रत्येक खोलीत एक अंतर असे येते की त्याच्या पुढे माइकला माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येऊ लागते. तुम्ही सांगता तशा खोलीत ते अंतर, सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माइकसाठी, ढोबळ हिशेबाने अर्धा मीटर भरते. दिशा धरून ऐकणाऱ्या माइकला थोडी अधिक सवलत मिळते, पण दोन मीटरची नाही.

इथे शॉटगन माइकविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्याच्या नावामुळे आणि लांबट आकारामुळे अनेकांना वाटते की तो दुर्बिणीसारखा लांबचा आवाज जवळ ओढून आणतो. तो काहीही ओढून आणत नाही. त्याच्या नळीला बाजूने चिरा असतात. समोरून येणारा ध्वनी नळीतून सरळ जातो आणि बाजूने येणारा ध्वनी वेगवेगळ्या चिरांतून वेगवेगळ्या क्षणी आत शिरून स्वतःलाच काही अंशी पुसून टाकतो. ही पुसापुशी नळीच्या लांबीइतक्या किंवा त्याहून आखूड ध्वनिलहरींवरच चांगली चालते. सेन्हायझरचा एमकेएच ४१६ हा चित्रपटांच्या कामात मुरलेला माइक पंचवीस सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे त्याच्या नळीचा खरा परिणाम साधारण दीड हजार हर्ट्झच्या वरच सुरू होतो; तुमच्या माइकची नळी याहून आखूड असल्याने तिचा परिणाम आणखी वरून सुरू होतो. बेस्टच्या बसचे इंजिन, पंख्याची घरघर, पाण्याचा पंप यांचा मोठा भाग याच्या बराच खाली असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शॉटगन हा एक साधा दिशादर्शी माइक उरतो. शिवाय लहान खोलीत भिंतींवरून परतलेले आवाज सर्व बाजूंनी आणि किंचित उशिरा नळीत शिरतात, आणि मग तिची पुसण्याची क्रिया वेडीवाकडी होऊन आवाजाला एक विचित्र, डबा वाजवल्यासारखी छटा येते. शिवाजी पार्कवर किंवा वरळीच्या समुद्राकाठी हाच माइक उत्तम काम देईल. चाळीच्या खोलीत तो कॅमेऱ्यावरून काढून बोलणाऱ्याच्या डोक्यावर आणला तरच उपयोगी पडेल.

तुमच्या कामासाठी मी सर्वप्रथम वायरवाला लेपल माइक, म्हणजे कपड्याला चिमट्याने लावायचा छोटा माइक, घ्यायला सांगेन. बोया कंपनीचा बीवाय-एम १ हा साधा आणि स्वस्त माइक बहुतेक नवशिक्यांना ठाऊक असतो. त्याची वायर सहा मीटर लांब असते, त्यामुळे तो कॅमेऱ्यापर्यंत आरामात पोचतो. त्याच्या छोट्या डबीत एक एलआर ४४ बॅटरी असते आणि तिच्यावर कॅमेरा व फोन अशी दोन स्थाने असलेले बटण असते. कॅमेऱ्याला जोडताना ते कॅमेऱ्याच्या बाजूला हवे, आणि काम संपल्यावर ते परत फिरवायला हवे, नाहीतर पुढच्या मुलाखतीच्या दिवशी बॅटरी संपलेली असते. सुटी बॅटरी खिशात असावीच.

लेपल लावणे हे वरवर सोपे वाटणारे पण फार काळजीने करायचे काम आहे, आणि रेकॉर्डिंगचा निम्मा दर्जा तिथे ठरतो. माइक हनुवटीच्या खाली साधारण एक वीत, छातीच्या मध्यरेषेवर असावा. त्याहून वर नेला तर हनुवटीच्या सावलीत आवाज दबतो. फार खाली नेला तर खोली पुन्हा आत शिरते. आजोबांच्या सुती सदऱ्याच्या बटणपट्टीवर तो सहज बसतो. टेरिकॉटसारखे कृत्रिम धाग्याचे कापड मात्र हलले की सळसळते, म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी फोन करून सुती कपडे घालायची विनंती करावी. घरातली माणसे ती आनंदाने मानतात. आजींच्या बाबतीत जास्त विचार करावा लागतो. पदर जिथे खांद्याला पिन केलेला असतो तिथे माइक लावला तर तो एका बाजूला पडतो आणि मान दुसरीकडे वळली की आवाज बदलतो. पदर पुढून घेतलेला असेल तर त्याच्या काठावर, मध्यभागी लावता येतो. पण मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटत नाहीत ना हे हेडफोनमधून ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये. मंगळसूत्र काढायला कधीही सांगू नये. ते पदराच्या आत सरकवून घेण्याची विनंती करावी, किंवा माइक त्याच्या वर, गळ्याच्या जरा जवळ घ्यावा. माइक आजींना स्वतः लावू द्यावा किंवा सोबतच्या मुलीने लावावा, हे सांगायची खरे तर गरज नसावी, तरी सांगतो. बांगड्यांचा आवाज येणारच, आणि तो माझ्या मते राहू द्यावा. बोलणाऱ्या बाईच्या हातांची ती हालचाल आहे. फक्त हात माइकला लागू नये एवढे पाहावे.

माइकच्या खाली वायरचा एक छोटा वळसा करून तो कापडाच्या आतल्या बाजूने चिकटपट्टीने धरून ठेवावा, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी सर्जिकल टेप सर्वांत चांगली. ती कापडाला डाग पाडत नाही आणि वृद्धांच्या नाजूक त्वचेलाही सोसते. लेपल माइक बहुधा सर्व दिशांनी ऐकणारे असतात, म्हणून प, फ, भ या अक्षरांच्या फुंकरा आदळत असतील तर माइक उलटा, तोंड खाली करून लावला तरी चालतो. आवाजात फारसा फरक पडत नाही आणि फुंकर वरून निघून जाते.

कोणाला अंगावर माइक नकोच असेल तर तुमच्याकडे असलेला शॉटगन एका लाइट स्टँडच्या आडव्या दांडीवर लावून, चौकटीच्या अगदी वरच्या कडेबाहेर, तोंडापासून दीड-दोन वितींवर, वरून खाली छातीच्या दिशेने रोखावा. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवणे सक्तीचे समजा, कारण खाली ऐंशी वर्षांचा माणूस बसलेला आहे. माइक वरून रोखल्याचा आणखी एक लाभ असा की त्याच्या समोर, माणसाच्या पलीकडे, जमीन येते. तिथे जाड सतरंजी किंवा गोधडी पसरली की परतणारा आवाज बराच कमी होतो.

आता जोडणीविषयी लिहितो. तुमच्या प्रश्नात एक ओझरता उल्लेख आहे की कोणीतरी दिलेला गाण्याच्या कार्यक्रमातला माइक एका वायरने कॅमेऱ्याला जोडला तेव्हा लॅपटॉपवर आवाज होता, पण मोबाइलवर ऐकताना बोलणे जवळजवळ नाहीसे झाले. हे गूढ नाही, आणि ते एकदा समजले की पुढचा बराच मनस्ताप वाचतो. व्यावसायिक माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत एकच आवाज दोन तारांतून पाठवलेला असतो, एकीतून सुलटा आणि दुसरीतून उलटा; पुढचे यंत्र त्यांची वजाबाकी करते आणि वाटेत शिरलेला गोंगाट त्या वजाबाकीत निघून जातो. कॅमेऱ्याच्या साडेतीन मिलिमीटरच्या छिद्रात मात्र दोन तारा म्हणजे डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र आवाज. चुकीच्या वायरने सुलटा आवाज डावीकडे गेला आणि उलटा उजवीकडे. लॅपटॉपच्या दोन स्पीकरांतून काहीतरी ऐकू येते, पण एकाच स्पीकरच्या फोनमध्ये दोन्ही बाजूंची बेरीज होते आणि बेरीज शून्य. ते रेकॉर्डिंग वाया गेलेले नाही: एडिटिंगमध्ये उजवी बाजू पूर्ण बंद करून डावी बाजूच दोन्हीकडे वापरा, बोलणे परत येईल.

त्याच माइकमध्ये सरसर जास्त का होती, याचेही उत्तर आकड्यांत आहे. शूर कंपनीचा एसएम ५८ हा मंचावरचा सर्वपरिचित डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय चालणारा, माइक ठरावीक ध्वनीला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर वर उल्लेखलेला ४१६ तेवढ्याच ध्वनीला २५ मिलिव्होल्ट देतो. हा फरक साडेतेरा पट, म्हणजे साधारण साडेबावीस डेसिबल आहे. डायनॅमिक माइकचा तो क्षीण विद्युतसंकेत कॅमेऱ्याला स्वतः वाढवावा लागतो, आणि फोटोच्या कॅमेऱ्यांत ध्वनिवर्धकाचा भाग सहसा यथातथाच असल्याने त्याबरोबर त्याची सरसरही वाढते. उलट ४१६ सारख्या माइकला चालण्यासाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे वायरमधूनच माइकला मिळणारी वीज, लागतो, जो कॅमेऱ्याचे छोटे छिद्र देत नाही. ते फार तर काही व्होल्ट देते, आणि ते लेपलसारख्या लहान माइकांपुरतेच असतात. म्हणून एक्सएलआर माइक वापरायचाच असेल तर मध्ये फँटम पुरवणारे रेकॉर्डर किंवा मिक्सर हवे, नुसती वायर नव्हे. फोन आणि कॅमेरा यांच्या पिनांतही फरक असतो: कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन काळ्या रेघा, फोनच्या पिनेवर तीन. एकाचा माइक दुसऱ्याला जोडताना योग्य जोडपीन घ्यावी, आणि ती हेडफोनने तपासावी.

तुम्हाला ऐकू येणाऱ्या सततच्या सरसरीचे दुसरे आणि अधिक संभाव्य कारण म्हणजे कॅमेऱ्यातली आपोआप पातळी ठरवण्याची सोय. आजोबा बोलताना थांबले, आठवू लागले, की कॅमेऱ्याला वाटते आवाज कमी झाला. तो पातळी वर ओढतो आणि त्या शांततेत पंखा व सरसर फुगून येतात. ते पुन्हा बोलू लागले की पहिला शब्द फाटतो आणि पातळी खाली येते. स्मृतींच्या मुलाखतीत ही थांबण्याची जागाच सर्वांत मोलाची असते, आणि ती यंत्राच्या घाईने विद्रूप होते. ही सोय मेनूत जाऊन बंद करा आणि पातळी हाताने ठेवा. कॅमेऱ्याची पातळी शक्य तितकी खाली ठेवून माइकची किंवा वायरलेस रिसीव्हरची बाहेर जाणारी पातळी वर घ्यावी, म्हणजे वाढवण्याचे काम चांगल्या यंत्राकडे राहते. कॅमेऱ्यावरच्या काही माइकांवर वीस डेसिबल वाढवण्याचे बटण याचसाठी दिलेले असते. बोलण्यातले उंच क्षण उणे बारा डेसिबलच्या आसपास पोचावेत. शून्याला टेकलेला डिजिटल आवाज फाटतो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही, म्हणून हसणे, घोषणा, एखादे भजन यांसाठी वर जागा ठेवलीच पाहिजे. संपाच्या दिवसांविषयी बोलताना घोषणा येतेच, आणि ती कुजबुजत कोणी देत नाही.

तुमच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. साचाखात्यात मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांची श्रवणशक्ती अनेकदा कमी झालेली असते. ती मोठ्याने बोलतात, मध्येच आवाज चढतो, आणि प्रश्न त्यांना ऐकू जावा म्हणून तुम्हालाही ओरडावे लागते. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला स्वतंत्र माइक द्यावा, तो डाव्या बाजूला आणि आजोबांचा उजव्या बाजूला असा वेगळा मुद्रित करावा, आणि दोन्ही बाजू एडिटिंगपर्यंत वेगळ्याच ठेवाव्यात. त्यासाठी दोन मोनो माइक एकाच छिद्रात डावे-उजवे करून देणारी जोडवायर मिळते. प्रश्नकर्त्याने कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेलगत, चौकटीच्या जरा बाहेर, पण आजोबांपासून हाताच्या अंतरावर बसावे, म्हणजे मोठ्याने विचारण्याची गरज कमी होते आणि आजोबांची मानही सारखी वळत नाही. त्यांना श्रवणयंत्र असेल तर ते चालू राहू द्या. त्याची शीळ क्वचित येते, आणि आलीच तर कानात नीट बसवून ती थांबते.

हेडफोनशिवाय केलेले रेकॉर्डिंग म्हणजे डोळे झाकून केलेले चित्रीकरण, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन घ्या, आणि तुम्हा तिघांपैकी एकाने मुलाखत संपेपर्यंत तो काढू नये. पडद्यावरची पट्टी हलते आहे यावरून केवळ एवढेच कळते की काहीतरी आवाज येतो आहे. तो आजोबांचा आहे की सदऱ्याचा, हे कानांनाच कळते. कॅमेऱ्याला हेडफोनचे छिद्र नसेल तर वायरलेस रिसीव्हर किंवा वेगळा रेकॉर्डर यांतून ऐकावे, आणि दर काही मिनिटांनी थांबून कॅमेऱ्यातली फाइल वाजवून पाहावी.

खोली आणि परिसर यांची तयारी हा तुमच्या हातातला मोठा भाग आहे. लालबागमध्ये शांतता विकत मिळत नाही, पण वेळ निवडता येते. नळाला पाणी येण्याची वेळ, कुकरच्या शिट्ट्यांची वेळ, शाळा सुटण्याची वेळ टाळली की दुपारी दोन ते चार हा काळ बऱ्याच चाळींत बरा जातो. गणेशोत्सवाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे या भागात घरात मुलाखत ठेवूच नका. रस्त्याकडची खिडकी बंद करून गॅलरीकडचे दार अर्धे लावा, शेजाऱ्यांना आधी भेटून सांगा. चाळीत सांगितले की लोक ऐकतात, आणि न सांगता अपेक्षा केली तर बरोबर त्याच वेळी कोणीतरी भिंतीत खिळा ठोकतो. पंखा बंद करावा लागेल. वृद्ध माणसाला एप्रिल-मे महिन्यांत तासभर पंख्याविना बसवणे योग्य नाही, म्हणून दहा-बारा मिनिटांचे तुकडे करा, मध्ये पंखा लावून पाणी द्या. फ्रिज बंद करताना आपल्या घराची किल्ली किंवा लोकलचा पास त्याच्या आत ठेवायची आम्हा रेकॉर्डिस्टांची जुनी रीत आहे, म्हणजे परत जाताना तो चालू करायला कोणी विसरत नाही. घरातल्या गोधड्या, गाद्या, रजया मागायला संकोच करू नका: एक कॅमेऱ्यामागे दोरीवर टांगा, एक पायाखाली अंथरा, एक चौकटीबाहेरच्या मोकळ्या भिंतीला लावा. बोलणाऱ्याला खोलीच्या मधोमध किंवा भिंतीला अगदी चिकटून न बसवता, कपड्यांनी भरलेले कपाट किंवा पडदा मागे येईल असे बसवा. कॅमेरा बॅटरीवरच चालवा. जुन्या इमारतींत अर्थिंग भरवशाचे नसते आणि चार्जर लावला की पन्नास हर्ट्झची गुणगुण शिरू शकते. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीचीच अर्धा-एक मिनिट शांतता मुद्रित करावी. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली जागा भरायला तीच लागते, आणि दुसऱ्या खोलीची चालत नाही.

वायरलेसविषयी तुम्ही विचारले आहे. रोडचे वायरलेस गो किंवा डीजेआयचे तत्सम संच सोयीचे आहेत, पण ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथे प्रत्येक घरातला वायफायही असतो, आणि मानवी शरीर या लहरी अडवते. म्हणून ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्या मध्ये अंग येऊ देऊ नये. ट्रान्समीटरमध्येच स्वतंत्र मुद्रण होणारा संच असेल तर तो अधिक विश्वासाचा. बसून होणाऱ्या मुलाखतीला मात्र वायरच बरी, कारण तिच्यात तुटण्यासारखे फार थोडे आहे. आजोबा गिरणीच्या जुन्या फाटकाकडे चालत जाऊन काही दाखवणार असतील तेव्हा वायरलेस भाड्याने आणा. अंधेरीत अशी उपकरणे दिवसाच्या भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. बाहेर मात्र माइकवर केसाळ विंडशील्ड हवेच, नुसता स्पंज समुद्राकडच्या वाऱ्याला पुरत नाही.

कॅमेऱ्याचा ध्वनिभाग फारच कमजोर निघाला तर लेपल एखाद्या छोट्या रेकॉर्डरला किंवा विमान मोडवर ठेवलेल्या फोनला जोडून आवाज वेगळा मुद्रित करा. मुद्रणाचा सॅम्पलिंग दर ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि रेकॉर्डरवर २४ बिटची सोय असेल तर तीही निवडा. सुरुवातीला आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू राहू द्या. शेवटची टाळी अनावश्यक वाटते, पण दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत वीस भाग एवढा फरक असला तरी तासाभरात तो बाहत्तर मिलिसेकंद होतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस चौकटींच्या हिशेबाने जवळजवळ दोन चौकटी, आणि ओठ-शब्द सुटलेले डोळ्यांना जाणवू लागतात.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा किंवा फोर्टच्या बोरा बाजारात, पण जाताना स्वतःचा कॅमेरा आणि हेडफोन घेऊन जा आणि माइक जोडून, वायर हलवून, पातळी वर नेऊन ऐकल्याखेरीज पैसे देऊ नका. पावसाळ्यात माइक झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दमट हवेत कंडेन्सर माइक (लेपल, शॉटगन असे विजेवर चालणारे) तडतडू लागतात. पत्र्याच्या छपराखाली जोराच्या सरीत मुलाखत घेऊ नका, तो आवाज काढता येत नाही.

आधीच्या चार मुलाखतींचे काय करावे, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. पंख्यासारखा एकसुरी आवाज सॉफ्टवेअरने कमी होतो, पण सहा ते दहा डेसिबलवर थांबा. पूर्ण काढायला गेलात तर माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ऐंशी हर्ट्झच्या खालचा भाग कापला की बसची गडगड बरीच जाते आणि बोलण्याचे नुकसान होत नाही. खोलीचा घुमारा कमी करणारी साधने आहेत, त्यांनी थोडा फायदा होईल, पोकळपणा पूर्ण जाणार नाही. मूळ फाइली मात्र जशाच्या तशा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा; या साधनांत दरवर्षी सुधारणा होते आहे. आपल्या चित्रपटसृष्टीत कॅमेऱ्यांच्या मोटरचा आवाज मोठा असल्यामुळे कित्येक दशके संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित करण्याची प्रथा होती. तुमच्या आजोबांना ते शक्य नाही, कारण तीच आठवण दुसऱ्यांदा त्याच शब्दांत येत नाही. परंतु त्या चौघांपैकी ज्यांची प्रकृती आणि इच्छा असेल त्यांच्याकडे लेपल घेऊन पुन्हा जा. संपूर्ण मुलाखत घेण्याचा आग्रह धरू नका, जे प्रसंग अजिबात कळत नाहीत तेवढेच विचारा, आणि हवे तर कॅमेरा न लावता फक्त आवाज घ्या. जुन्या चित्रावर आणि घरातल्या छायाचित्रांवर तो नवा आवाज बसवता येतो. पहिल्या रेकॉर्डिंगमधले जे भाग कळण्याच्या सीमेवर आहेत, त्यांना मराठी उपशीर्षके द्या, आणि ती लिहून झाल्यावर आजोबांच्या घरातल्या एखाद्या माणसाकडून वाचून घ्या.